परळचे हाफकिनसाहेब

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला तेव्हा डोळ्यांपुढे प्रथम नेहमीचीच नावे आली. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई. त्यांच्यावर आपल्यापैकी कितीतरी जणींनी माझ्याहून चांगले लिहिले आहे. म्हणून यंदा मी एका परमुलखातल्या गृहस्थाकडे वळले. या गृहस्थाचा जन्म काळ्या समुद्राच्या काठी, आज युक्रेन देशात असलेल्या ओडेसा शहरी झाला. पण त्याच्या हातची लस आपल्या आज्या-पणज्यांच्या दंडांत टोचली गेली. वाल्देमार हाफकिन हे त्यांचे नाव. मुंबईच्या परळ भागातली हाफकिन संस्था पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, हे मलाही फार उशिरा कळले.

माझ्या आजेसासूबाई प्लेगच्या दिवसांतल्या. त्यांना तारखा-सन ठाऊक नव्हते. गाठीच्या तापाचे साल एवढेच त्या म्हणत. घरात उंदीर पडला की नाचणगावातली माणसे भांडीकुंडी, दाणागोटा आणि गुरेवासरे घेऊन शेतात जात, तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून राहत आणि गाव ओस पडे. दिवेलागणीला गावात एकही दिवा दिसत नसे, हे सांगताना त्यांचा आवाज म्हातारपणीही खाली येई. पुलगावचे रेल्वे स्टेशन आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. प्लेग मुंबईहून पसरला तो याच आगगाडीच्या वाटेने, धान्याची पोती आणि कापसाच्या गाठी यांच्या सोबतीने. पटकीचे तर बोलायलाच नको. मरीमायचे ठाणे नाही असे गाव आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे शोधून सापडायचे नाही. त्या काळच्या बायकांपाशी साथीविरुद्ध दुसरे होते तरी काय?

अशा या दोन्ही रोगांवर लस काढणारा माणूस एकच, आणि तो वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टर नव्हे. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत, पण इंग्रज सरकारच्या वैद्यकीय खात्यातल्या कित्येक अधिकाऱ्यांना ही गोष्ट खुपत असे. पुढे त्यांच्यावर प्रसंग आला तेव्हा ही खुपणी कामी आली असावी, असे माझे मत आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, मार्च महिन्यातला. कुटुंब ज्यू धर्माचे. बालपण अझोव्ह समुद्राकाठच्या बर्द्यान्स्क नावाच्या बंदरात गेले. हा सारा मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि झारच्या राज्यात ज्यू प्रजेला कोठे राहावे, काय शिकावे, कोणती नोकरी करावी यावर नाना बंधने होती. १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह. हे मेचनिकॉव्ह खार्किव्हकडचे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या रोगजंतूंना गिळून टाकतात, हा त्यांचा शोध; त्यासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसाच्या त्या विद्यापीठाला आता त्यांचेच नाव आहे.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचे निमित्त करून ठिकठिकाणी ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. ओडेसातल्या ज्यू तरुणांनी आपल्या घरांच्या रक्षणासाठी जी टोळी उभी केली, तीत हाफकिन होते. मारामारीत जखमी होऊन ते पकडले गेले. मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. त्याआधी आणि नंतरही विद्यार्थ्यांच्या चळवळीपायी पोलिसांचा ससेमिरा त्यांच्यामागे होताच. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांना विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याजोगी होती. मात्र त्यासाठी स्वधर्म सोडून ख्रिस्ती व्हावे लागले असते. त्यांनी ते नाकारले आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात लहानशा कामावर काही वर्षे काढली.

याच सुमारास, १८८६ मध्ये, मेचनिकॉव्ह आणि गमालेया या दोघांनी ओडेसात जंतुशास्त्राची एक प्रयोगशाळा काढली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पाश्चर यांनी शोधलेली लस पॅरिसबाहेर प्रथम देणाऱ्या ठिकाणांपैकी ती एक. या भूमीतल्या जंतुशास्त्राचा पाया येथे पडला असे म्हणावयास हरकत नाही. पण राज्यकर्त्यांचा जाच सोसवेना म्हणून १८८८ मध्ये मेचनिकॉव्ह पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत निघून गेले. शिष्यही त्याच वर्षी देश सोडून प्रथम स्वित्झर्लंडमध्ये जिनेव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पोहोचला. तेथे रिकामी जागा एकच होती, ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळावी आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम होता.

पटकीचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी १८८३-८४ मध्ये हुडकला होता, आणि त्याचा शेवटचा पुरावा त्यांनी मिळवला तो आपल्या कलकत्त्यात. आता प्रश्न होता लसीचा. हाफकिन यांनी हा जंतू गिनीपिग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या शरीरात एकामागून एक कित्येकदा वाढवून अधिक जहाल केला. दुसरीकडे तोच जंतू उष्णतेत व हवेच्या झोतात वाढवून सौम्य केला. आधी सौम्य टोचावयाचा, सहा दिवसांनी जहाल. शरीराला आधी ओळख करून द्यायची आणि मग खरी परीक्षा घ्यायची, असा त्यातला हिशेब. प्राण्यांवर हे साधले, पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि उतरले. त्यांच्यामागून काही मित्रांनी टोचून घेतली. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस.

त्या साली रशियात पटकीची मोठी साथ होती. आपल्याला हद्दपारासारखे जिणे जगावयास लावणाऱ्या त्याच देशाला त्यांनी ही लस देऊ केली, पण ती स्वीकारली गेली नाही. लॉर्ड डफरिन हे आपल्याकडचे पूर्वीचे व्हाइसरॉय तेव्हा पॅरिसमध्ये इंग्लंडचे वकील होते. पटकीची परीक्षा घ्यावयाची तर हिंदुस्थानासारखा देश नाही, असे त्यांनी सुचवले आणि परवानगीही मिळवून दिली. आपल्या देशाचे हे काही भूषण नव्हे. पण त्यामुळे एक मोठा माणूस आपल्याकडे आला एवढे खरे.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले आणि एप्रिलात आग्र्यापासून टोचण्याचे काम सुरू झाले. पुढल्या दोन वर्षांत उत्तर हिंदुस्थानच्या छावण्या, तुरुंग, गावे आणि शहरे पालथी घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या दाट वस्त्यांत, जेथे एकाच तळ्यावर धुणे, आंघोळ आणि पिण्याचे पाणी चाले, तेथे १८९४ मध्ये त्यांनी काम केले. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त असे चार बंगाली डॉक्टर होते. या चौघांचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण साहेबाचे नाव राहते आणि वस्तीत दार ठोठावणारा मात्र विसरला जातो. एका वस्तीत लोकांनी दगड मारले, तेव्हा हाफकिन यांनी सर्वांसमक्ष आधी स्वतःला टोचून घेतले आणि ते पाहून माणसे पुढे आली, असे सांगतात.

१८९५ मध्ये हिवतापाने खिळखिळे होऊन ते युरोपास गेले. पुन्हा आले ते आसामच्या चहामळ्यांतील मजुरांसाठी. तेवढ्यात मुंबईत निराळेच घडले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याकडच्या डॉक्टरांनी एक रोगी पाहून हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. सरकारने ऑक्टोबरात हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले.

त्यांना जागा मिळाली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्यापुढचा बोळ. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. त्यावरची लस कोणालाच ठाऊक नव्हती.

ही लस कशी केली ते मला फार मौजेचे वाटते, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघरातले पुष्कळ आहे. मांसाचे सूप करून काचेच्या मोठ्या चंबूंत भरावयाचे आणि त्यात जंतूंचे विरजण घालावयाचे. गाईचे वा डुकराचे मांस म्हटले तर हिंदू अथवा मुसलमान टोचून घेणार नाहीत, म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. वर तुपाचे थेंब तरंगत सोडावयाचे. या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत येते, जसे पावसाळ्यात जुन्या घराच्या वाशांना जाळे लोंबावे. चंबू हलवला की ती लोंबणारी धाग्यांसारखी वाढ तुटून तळाशी बसते आणि तुपाखाली पुन्हा नवी धरते. असे कित्येक आठवडे चालावयाचे. मग सारे तापवून जंतू मारून टाकावयाचे, आणि पुन्हा काही वाढू नये म्हणून थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे. पटकीच्या लशीत जिवंत जंतू होता, येथे मेलेला. तरीही मेलेल्या जंतूची ओळख शरीराला पुरते, हे त्यांनी ताडले होते. हे सगळे अवघ्या तीन महिन्यांत. सोबतचा एक मदतनीस कामाच्या ताणाने आजारी पडला, इतर सोडून गेले. साहेब मात्र दिवसाचे बारा-चौदा तास उभे असत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि तीही इतरांना पुढे दिल्या गेलेल्या मात्रेहून कितीतरी मोठी. खूप ताप चढला, अंग दुखले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी साधारण निम्म्यांनी स्वखुशीने लस घेतली. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यात प्लेगचे रोगी अधिक निघाले आणि मेले तेही त्यांच्यातलेच.

याच दिवसांत पुण्यात काय चालले होते ते आपण विसरू शकत नाही. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना काढला होता आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रोगी आणून पोहोचवत होत्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईच्या तुरुंगातल्या प्रयोगाला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. राजकोटला त्या सुमारास तरुण मोहनदास गांधी लोकांच्या संडासांची पाहणी करत फिरत होते, तीही याच प्लेगच्या भीतीने. (पुढे आपल्या सेवाग्रामी राहावयास आलेल्या बापूजींना लस टोचणे पसंत नव्हते, हेही खरे. मोठ्या माणसांची सगळीच मते सोबत न्यावी लागत नाहीत. त्याच सेवाग्रामी १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तेथे मुलांना लस मिळते.)

सरकारची रीत मात्र दांडगाईची होती. घरात गोरे शिपाई शिरत, बायकांच्या अंगाला हात लावून गाठी तपासत, माणसे उचलून छावणीत नेत. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला तो यातून. हाफकिन यांचे म्हणणे आरंभापासून निराळे होते. लस ज्याला हवी त्यानेच घ्यावी. जबरदस्तीने टोचू नये. लोकांचा विश्वास बसला तर ते आपण होऊन येतील. म्हणून जेथे जाता येईल तेथे ते स्वतः जात आणि समोरच्याला समजावून सांगत. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या पंथाच्या हजारो लोकांना घ्यावयास लावली, आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला.

आता बडोद्याजवळच्या उंढेरा गावची हकीकत सांगते. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग होता. लशीचा गुण खरोखर आहे की नाही, हे पाहण्यासाठी हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. एकच घर, एकच चूल, एकच अंथरूण-पांघरूण, म्हणजे फरक पडेल तो लशीचाच. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, त्यांतले ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

शास्त्रज्ञांनी या आकड्यांचे कौतुक केले आहे आणि ते योग्यच आहे. मी मात्र ते वाचले तेव्हा माझ्या मनात दुसरेच आले. त्या घरांतल्या आयांनी काय केले असेल? दोन मुलांपैकी एकाला टोचले, एक राहिले. तेव्हा कोणाला टोचणे धोक्याचे आणि कोणाला न टोचणे धोक्याचे, हे त्या माउलीला कोठे ठाऊक होते! कदाचित लाडक्यालाच तिने मागे ओढून घेतले असेल. २०२१ मध्ये करोनाची लस आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आली, तेव्हा आपल्या मंडळाने घरोघर जाऊन नावे लिहून घेतली होती, आणि त्या याद्या करणाऱ्यांत मी होते. दुसऱ्यांच्या घरी मी छान समजावून सांगत असे. माझ्या स्वतःच्या घरी मात्र सासूबाईंना मी तीन आठवडे नेले नाही. वय झाले आहे, सोसेल का, कोणी म्हणते अमके झाले, कोणी म्हणते तमके. शेवटी त्याच काठी टेकत उठल्या आणि मला चल म्हणाल्या. त्यांना गाठीच्या तापाच्या गोष्टी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकून ठाऊक होत्या. हे आजवर मी मंडळात बोलले नव्हते.

असो. १० ऑगस्ट १८९९ रोजी हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. ही मुंबईच्या गव्हर्नरांची राहण्याची प्रशस्त वास्तू. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच वास्तूत पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांचे राहणे मलबार हिलला गेले. ज्या घरातून पटकीने गव्हर्नरीणबाईंना नेले, त्याच घरात पटकीची लस काढणारा येऊन बसला! येथून लशीच्या बाटल्या देशभर आणि परदेशीही जाऊ लागल्या. १८९७ मध्ये कीव्हचे प्राध्यापक व्हिसोकोविच आणि त्यांच्याबरोबर झाबोलोत्नी हे तरुण डॉक्टर प्लेगचा अभ्यास करावयास मुंबईस येऊन गेले होते. हे झाबोलोत्नी पुढे युक्रेनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. म्हणजे ओडेसा, कीव्ह आणि भायखळा यांचा असा तिहेरी धागा त्या वेळी जुळला होता.

यानंतरचे सांगणे जड जाते. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला आणि तेथील सरकारने लाखोंना टोचण्याचे ठरवले. मागणी एकदम वाढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचले होते ते १९ जण आठवड्याभरात धनुर्वाताने आजारी पडले आणि सगळे मेले. इतर ८८ जणांना काहीही झाले नाही.

एकोणीस माणसे! ज्यांना जगवायचे त्यांनाच मारले, असा बोभाटा झाला. चौकशी बसली. त्या सुमारास लस करण्याच्या पद्धतीत थोडा बदल करून कार्बोलिक ॲसिड घालणे सोडले होते. तेवढ्यावर बोट ठेवून बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला गेला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले. वास्तविक बाटली उघडताना काय झाले, याचीही हकीकत पुढे आलेली होती. बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला आणि तो ज्योतीवर नीट तापवून न घेता नुसता औषधी पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की काय होते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आणि बरणी बिघडली तर ती ज्या घरात उघडली तेथे आधी पाहावे, जिने भरून पाठवली तिच्या घरी नव्हे. शिवाय बाटली उघडली त्या वेळी लशीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते तर घाण आली असती. हे सारे कागदावर होते. तरी चार-पाच वर्षे हाफकिन लंडनमध्ये दारोदार हिंडून आपली बाजू मांडत राहिले. परका माणूस, ज्यू, डॉक्टरकीची पदवी नाही, आणि साहेबांच्या खात्याहून मोठे काम केलेले. अशा माणसाचा दोष चटकन सापडतो.

अखेर हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस, कलकत्त्याचे जुने आरोग्याधिकारी सिम्पसन आणि आणखी नामवंत शास्त्रज्ञ पुढे आले. जुलै १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात आपल्या सह्यांनी लिहून हा पुरावा लोकांपुढे ठेवला. त्याच वर्षाअखेर सरकारला हाफकिन यांना निर्दोष म्हणणे भाग पडले. पण झालेले नुकसान भरून निघाले नाही. ते हिंदुस्थानात परत आले तेव्हा परळची त्यांची जागा दुसऱ्याकडे गेलेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले आणि लस करण्याचे काम दिले नाही. ज्याने हजारोंच्या दंडाला हात लावला त्याने आता टेबलाशी बसून टिपणे काढावीत! वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. एकोणीस कुटुंबांचे दुःख खोटे नव्हते. पण त्यांनाही खरे कारण कळावयास पाच वर्षे लागली, हाही अन्यायच.

पुढे त्यांनी जंतुशास्त्रात विशेष काही केले नाही. लग्न केलेच नव्हते. पॅरिसजवळ आणि मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते राहिले. ज्या धर्मासाठी तरुणपणी नोकरी सोडली, त्याचे आचरण ते उत्तरायुष्यात निष्ठेने करत आणि आपली जमवलेली सारी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे ते वारले.

त्याआधी १९२५ मध्ये मुंबई सरकारने परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव दिले. म्हणजे आपल्या नावाची पाटी लागल्याचे त्यांना हयातीत कळले. आभाराच्या पत्रात, आपल्या आयुष्यातली उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, अशा अर्थाचे त्यांनी कळवले होते. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. या लशीने प्लेग नाहीसा झाला असे मात्र कोणी समजू नये. त्या तीसेक वर्षांत देशात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मेलीच. लस घेतलेल्याला रोग होण्याचे आणि झाल्यास मरण्याचे भय कमी होई, इतकेच हाफकिन स्वतः सांगत. त्याहून मोठा दावा त्यांनी केला नाही. उंदराच्या पिसवा हे प्लेगचे वाहन, ही गोष्टही सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली आणि पटावयास बरीच वर्षे गेली. आता प्लेगवर चांगली औषधे आहेत. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेला तो पुन्हा उठला तेव्हा गोळ्यांनी काम भागले.

१९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांच्या चित्राचे तिकीट काढले. माझे मामा पोस्टात होते. त्यांच्या वहीत ते चिकटवलेले मी लहानपणी पाहिले आहे. दाढीवाला, शांत चेहऱ्याचा माणूस. कोण म्हणून विचारले तर मामांनाही सांगता आले नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आले, तेव्हा आपल्या विदर्भातलीही मुले-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे होती. ओडेसा, खार्किव्ह, कीव्ह ही नावे तेव्हा घराघरात पोहोचली. बर्द्यान्स्क, जेथे हाफकिन लहानाचे मोठे झाले, ते गाव युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात रशियाच्या ताब्यात गेले. त्या बातम्या पाहता पाहताच मी हे चरित्र शोधून वाचू लागले. गेल्या वर्षी मुलाकडे मुंबईस गेले तेव्हा त्याला परळला नेण्याचा हट्ट धरला. झाडांच्या आड जुनी दगडी वास्तू दिसली. आत जाण्याचे काही काम नव्हते, म्हणून फाटकाशी थोडा वेळ उभे राहून आम्ही परतलो. आता त्या वहीतले तिकीट मामेभावाकडे आहे का, ते विचारून ठेवले आहे. मिळाले तर वर्धापनदिनाला दाखवावयास आणीन.